वाचकांचे प्रश्न : कोणता लेयर वर, कोणता खाली?

या महिन्यात ऑटोकॅड या संगणकीय आरेखनाच्या (कॅड) प्रणालीविषयी आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीपाशी येऊन थांबत होती. ड्रॉइंगमधील एखादी गोष्ट दुसरीच्या वर दिसायला हवी असते आणि ती खाली जाते, किंवा पडद्यावर ती वर असते आणि कागदावर मात्र खाली. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी सांगलीत घरांचे नकाशे काढून देतो. माझ्या ड्रॉइंगमध्ये भिंती, फरशीचे हॅच (नक्षीचा किंवा रंगाचा भराव), फर्निचर, मापे आणि खोल्यांची नावे यांचे वेगवेगळे लेयर आहेत. लेयरच्या नावांपुढे ०१, ०२, ०३ असे आकडे घालून मी यादी हव्या त्या क्रमाने लावली. तरीही फरशीचे भरीव हॅच काही खोल्यांची नावे झाकते, तर काही खोल्यांत नावे स्वच्छ दिसतात. लेयरचा वर-खाली क्रम नेमका कोठे ठरवायचा?

उत्तर : आपण प्रश्नात जे गृहीत धरले आहे, तेथेच अडचणीचे मूळ आहे. ऑटोकॅडमध्ये लेयरला वर-खाली असे स्थान नसतेच. रंग, रेषेचा प्रकार, रेषेची जाडी, छापायचे की नाही, दाखवायचे की गोठवायचे अशा गुणांचा तो एक संच असतो आणि ऑब्जेक्टचे वर्गीकरण करणे एवढेच त्याचे काम असते. लेयर प्रॉपर्टीज मॅनेजरमध्ये त्याची जी यादी दिसते ती नावांच्या क्रमाने लावलेली असते. आपण नावांपुढे आकडे घातले तेव्हा बदलला तो त्या यादीचा क्रम, ड्रॉइंगचा नव्हे. यादी वाचायला सोपी झाली एवढाच त्याचा उपयोग, आणि तो काही कमी नाही, परंतु आपल्याला हवे होते ते त्यातून मिळणार नव्हते.

हे असे का आहे, हे समजण्यासाठी संगणकापूर्वीच्या आरेखन-कार्यालयांकडे पाहावे लागते. मोठ्या कामांत भिंती एका पारदर्शक फिल्मवर, विजेची जोडणी दुसऱ्या फिल्मवर, नळ आणि सांडपाणी तिसऱ्या फिल्मवर काढत आणि कडेच्या भोकांत पिना बसवून त्या फिल्म एकावर एक ठेवत. फिल्म पारदर्शक होत्या आणि रेषा रेषेला झाकत नाही. त्यामुळे कोणती फिल्म वर आणि कोणती खाली, याला फारसा अर्थ नव्हता. कॅडमधील लेयर हा त्या पद्धतीचा वारस आहे. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले तेव्हा ड्रॉइंग म्हणजे मुख्यतः रेषा आणि अक्षरे होती. एका गोष्टीने दुसरीला झाकण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो भरीव हॅच आणि रास्टर (ठिपक्यांनी बनलेल्या) प्रतिमा ड्रॉइंगमध्ये सर्रास येऊ लागल्यावर, आणि तेव्हा, म्हणजे १९९७ च्या रिलीज १४ मध्ये, ड्रॉऑर्डर ही आज्ञा आली. ही आज्ञा लेयरला नव्हे, तर ऑब्जेक्टला लागू होते.

प्रत्येक ऑब्जेक्ट तयार होताना ऑटोकॅड त्याला हॅन्डल नावाचा एक क्रमांक देते. तो चढत्या क्रमाने वाढत जातो. आपण काहीही सांगितले नाही तर ऑब्जेक्ट याच क्रमाने रंगवले जातात : जे आधी काढले ते खाली, जे नंतर काढले ते वर. ड्रॉऑर्डर वापरली की ऑटोकॅड मूळ हॅन्डल बदलत नाही. ते एक वेगळे कोष्टक तयार करून त्यात ‘या ऑब्जेक्टला अमुक क्रमांकाचा समजून रंगवा’ अशी नोंद ठेवते. असे कोष्टक मॉडेल स्पेससाठी (जेथे प्रत्यक्ष ड्रॉइंग काढतात) वेगळे, प्रत्येक लेआउटसाठी (छपाईच्या कागदासाठी) वेगळे आणि प्रत्येक ब्लॉकच्या (एकत्र बांधलेल्या ऑब्जेक्टच्या संचाच्या) व्याख्येसाठीही वेगळे असते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे तिच्यातच आहेत.

आता आपल्या काही खोल्यांची नावे दिसतात आणि काहींची का दिसत नाहीत, ते पाहू. हॅच कोठे ठेवावे हे एचपीड्रॉऑर्डर या व्हेरिएबलवर (बदलता येणाऱ्या मूल्यावर) ठरते आणि त्याचे मूळ मूल्य ३, म्हणजे ‘सीमारेषेच्या मागे’ असे असते. मागे म्हणजे सर्वांच्या मागे नव्हे, तर त्या सीमारेषेच्या लगेच मागे. ज्या खोलीत आपण आधी सीमारेषा काढली आणि नंतर नाव लिहिले, तेथे नाव वर राहिले. ज्या खोलीत नाव आधी लिहिलेले होते आणि हॅचसाठीची पॉलीलाइन (सलग जोडलेली रेषा) नंतर काढली, तेथे हॅच त्या पॉलीलाइनच्या खाली परंतु नावाच्या वर जाऊन बसले. यापुढे हॅच काढताना रिबनवरील यादीतून ‘सेंड टू बॅक’ निवडा किंवा हे व्हेरिएबल १ करून ठेवा, म्हणजे नव्या हॅचचा प्रश्न मिटेल.

जुन्या ड्रॉइंगसाठी दोन तयार आज्ञा आहेत. हॅचटूबॅक ही सर्व हॅच एकदम मागे पाठवते आणि टेक्स्टटूफ्रंट ही अक्षरे, मापे आणि लीडर (बाण असलेल्या टिपा) यांपैकी आपण निवडू ते किंवा सगळेच पुढे आणते. घरांच्या नकाशात दहापैकी नऊ वेळा या दोन आज्ञांनी काम भागते, आणि माझ्या मते लेयरनिहाय क्रमाच्या मागे लागण्यापूर्वी प्रत्येकाने या दोन वापरून पाहाव्यात. एक सावधगिरी मात्र हवी. सर्वेक्षणाची स्कॅन केलेली प्रत किंवा उपग्रह प्रतिमा तळाशी ठेवलेली असेल, तर हॅचटूबॅकनंतर हॅच त्या प्रतिमेच्याही खाली जाते आणि नाहीसे झाल्यासारखे वाटते. अशा वेळी प्रतिमा निवडून तिला पुन्हा एकदा मागे पाठवावे. तसेच ब्लॉकमधील, एक्सरेफमधील (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंग-फाइलीतील) किंवा टेबलमधील अक्षरांना टेक्स्टटूफ्रंट हात लावत नाही.

एवढ्याने भागत नसेल आणि प्रत्येक लेयरला खरोखरच ठरावीक स्थान द्यायचे असेल, तर तो क्रम आपणच एकेका लेयरला हात घालून बसवावा लागतो. आधी सर्व लेयर चालू आणि न गोठवलेले ठेवा. क्विक सिलेक्टमध्ये गुणधर्म म्हणून ‘लेयर’ निवडा आणि जो लेयर सर्वांत खाली हवा त्यापासून सुरुवात करा. त्यातील सर्व ऑब्जेक्ट निवडून ड्रॉऑर्डरचा ‘फ्रंट’ पर्याय द्या. मग त्याच्यावरचा लेयर घेऊन तसेच करा आणि असे करत शेवटी खोल्यांच्या नावांपर्यंत या. शेवटी आलेला लेयर सर्वांत वर बसतो. एका वेळी निवडलेल्या ऑब्जेक्टचा आपसांतील क्रम ही आज्ञा बिघडवत नाही, त्यामुळे एकाच लेयरमध्ये आपण आधी लावलेले बारकावे टिकून राहतात. ‘अबव्ह’ आणि ‘अंडर’ हे उरलेले पर्याय एखाद्या विशिष्ट ऑब्जेक्टच्या वर किंवा खाली नेण्यासाठी आहेत. सबंध लेयरसाठी ते वापरणे वेळखाऊ ठरते.

हेच काम वरचेवर करावे लागत असेल तर ऑटोलिस्पमध्ये (ऑटोकॅडच्या अंगभूत प्रोग्रामिंग भाषेत) दहा-पंधरा ओळींचा कार्यक्रम लिहून घेणे फायद्याचे आहे. एसएसगेट फंक्शनला ‘एक्स’ हा पर्याय आणि ८ हा गट-क्रमांक देऊन लेयरच्या नावाने ऑब्जेक्ट गोळा करायचे, नावांची यादी खालून वर अशी ठेवायची आणि प्रत्येक गटावर ड्रॉऑर्डर चालवायची. ‘एक्स’ हा पर्याय मॉडेल स्पेस आणि सर्व लेआउट यांतील ऑब्जेक्ट एकत्र उचलतो, म्हणून ४१० या गट-क्रमांकाने फक्त मॉडेल स्पेसपुरती निवड मर्यादित करावी. नाहीतर आज्ञा अडखळते. ब्रिक्सकॅड ही दुसरी कॅड प्रणाली वापरणाऱ्यांना एवढाही खटाटोप नाही, कारण त्यात लेयरनिहाय ड्रॉऑर्डर लावण्याची स्वतंत्र आज्ञाच दिलेली आहे.

प्रश्न : नागपूरच्या एका कार्यालयात मी ड्राफ्ट्समन आहे. मी क्रम नीट लावतो, परंतु एखादी रेषा ट्रिम केली किंवा हलवली की ती एकदम सर्वांच्या वर येते. रीजेन केल्यावर (ड्रॉइंग पुन्हा रंगवल्यावर) पुन्हा बरोबर दिसते. हे फक्त काही फाइलींमध्येच होते. फाइल खराब झाली असेल का?

उत्तर : फाइल खराब झालेली नाही. त्या फाइलींमध्ये ड्रॉऑर्डरसीटीएल या व्हेरिएबलचे मूल्य ० असणार. हे मूल्य संगणकात नव्हे तर त्या-त्या ड्रॉइंगमध्ये जतन होते, म्हणून काही फाइली शहाण्यासारख्या वागतात आणि काही नाही. बहुधा त्या दुसऱ्या कोणाकडून आलेल्या असतील. मूल्य ० असताना संपादित केलेला ऑब्जेक्ट रीजेन होईपर्यंत तात्पुरता वर दिसतो. १ केल्यास संपादनानंतर लगेच योग्य क्रम दिसतो. २ केल्यास एका ऑब्जेक्टपासून निर्माण झालेले नवे ऑब्जेक्ट, उदाहरणार्थ ट्रिम, ब्रेक, ऑफसेट, एक्सप्लोड किंवा फिलेटनंतरचे तुकडे, मूळ ऑब्जेक्टचे स्थान घेतात. ३ मध्ये दोन्ही गोष्टी होतात आणि तेच त्याचे मूळ मूल्य आहे. फार जड ड्रॉइंगमध्ये काम हळू होते म्हणून कोणीतरी ते ० केलेले असते आणि पुन्हा ३ करायचे राहून जाते.

० असलेल्या फाइलीत झालेले एक नुकसान मात्र मूल्य बदलून भरून येत नाही. त्या काळात ट्रिम किंवा एक्सप्लोड करून तयार झालेल्या तुकड्यांनी मूळ ऑब्जेक्टचे स्थान घेतलेले नसते, म्हणून ते रीजेननंतरही वरच राहतात. त्यांना हाताने जागेवर न्यावे लागेल.

त्याच वेळी सॉर्टएन्ट्स हे व्हेरिएबलही पाहून घ्यावे. ऑब्जेक्ट निवडताना, स्नॅप घेताना, रीजेनच्या वेळी आणि छापताना ड्रॉऑर्डर पाळायची की नाही, हे त्यातील बेरजेवर ठरते आणि १२७ हे त्याचे मूळ मूल्य आहे. त्यातील छपाईचा ३२ हा भाग वगळला गेला असेल तर पडद्यावर एक आणि कागदावर दुसरेच, असा प्रकार घडतो.

प्रश्न : मी मस्कत येथे एका सल्लागार अभियंत्यांच्या कार्यालयात काम करतो. आर्किटेक्टचा मजल्याचा प्लॅन आम्ही एक्सरेफ म्हणून जोडतो आणि त्यावर आमचे डक्ट आणि पाइप काढतो. प्लॅनमधील भिंतींचे राखाडी भरीव हॅच आमच्या पाइपच्या खाली हवे. पण त्याच प्लॅनमधील कॉलमचे ग्रिड आणि त्याचे क्रमांक आमच्या डक्टच्या वर दिसायला हवेत. एक्सरेफमधील लेयर निवडून मागे-पुढे करता येत नाही. आर्किटेक्टच्या फाइलीत आम्ही बदल करू शकत नाही.

उत्तर : या महिन्यातील हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, कारण यात ऑटोकॅडची मर्यादाही दिसते आणि ती ओलांडण्याची वाटही.

पहिल्या उत्तरात म्हटले आहे की क्रमाचे कोष्टक प्रत्येक कप्प्याचे वेगळे असते. एक्सरेफ हा असाच एक बंद कप्पा आहे. आपल्या मॉडेल स्पेसच्या दृष्टीने सबंध एक्सरेफ म्हणजे एकच ऑब्जेक्ट. तो आपल्या डक्टच्या वर जाऊ शकतो किंवा खाली, पण अर्धा वर आणि अर्धा खाली जाऊ शकत नाही. एक्सरेफमधील लेयरची नावे उभ्या रेषेने जोडलेली आपल्या यादीत दिसतात, त्यांचा रंग बदलता येतो, ती गोठवता येतात, आणि म्हणून त्यांचा क्रमही बदलता येईल असे वाटते. तसे नाही.

उपाय असा की तोच प्लॅन दोन वेगवेगळ्या नावांनी जोडायचा. एकच फाइल दुसऱ्यांदा नुसती जोडली तर ऑटोकॅड तिला आधीच्याच संदर्भाची दुसरी प्रत समजते आणि दोन्ही प्रतींचे लेयर एकच राहतात. त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी प्लॅन जोडा, मग एक्स्टर्नल रेफरन्सेस पॅलेटमध्ये त्या संदर्भाचे नाव बदला, उदाहरणार्थ ‘प्लॅन-खाली’ असे करा, आणि त्यानंतर तीच फाइल पुन्हा जोडा. आता ती मूळ नावाने, स्वतंत्र संदर्भ म्हणून येईल. तिचे नाव ‘प्लॅन-वर’ असे बदला. दोन्ही एकाच मूलबिंदूवर, एकाच स्केलला आणि एकाच कोनात बसवलेले असले पाहिजेत. यानंतर ‘प्लॅन-खाली’ मधील ग्रिड आणि क्रमांकांचे लेयर गोठवा, ‘प्लॅन-वर’ मधील ग्रिड आणि क्रमांक सोडून बाकी सगळे गोठवा, पहिल्या संदर्भाला मागे पाठवा आणि दुसऱ्याला पुढे आणा. आपले डक्ट आणि पाइप आपोआप मध्ये राहतील, आणि आर्किटेक्टच्या फाइलीला आपण स्पर्शही केलेला नसेल.

ही व्यवस्था टिकण्यासाठी व्हिसरिटेन या व्हेरिएबलचे मूल्य १ असणे आवश्यक आहे, नाहीतर फाइल पुन्हा उघडताच गोठवलेले लेयर मूळ स्थितीत येतील. आर्किटेक्टने सुधारित प्लॅन पाठवला आणि त्यात नवे लेयर असले, तर ते दोन्ही संदर्भांत दिसू लागतात; प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर ‘प्लॅन-वर’ मधील लेयरची यादी एकदा तपासावी. फाइल जड होते, हेही खरे. शेवटी ड्रॉइंग बाइंड करून (एक्सरेफ कायमचे आत मिसळून) द्यायचे असेल तर प्लॅन दोनदा आत येतो आणि पलीकडच्या माणसाला तो गोंधळ वाटतो, म्हणून सोबतच्या पत्रात तसे लिहावे.

आर्किटेक्टशी बोलणे शक्य असेल तर याहून स्वच्छ मार्ग असा आहे की त्यांनीच ग्रिडची वेगळी फाइल ठेवावी आणि ती आपल्या प्लॅनमध्ये ओव्हरले म्हणून जोडावी. ओव्हरले केलेला संदर्भ पुढच्या फाइलीत आपोआप येत नाही, त्यामुळे तो आपण स्वतंत्रपणे जोडून हव्या त्या जागी ठेवू शकता. मोठ्या प्रकल्पांत ग्रिडची फाइल वेगळी ठेवण्याची रीत आहेच, आणि तिचे मुख्य कारण ग्रिड सर्वांसाठी एकच राहावे हे असले, तरी क्रमाच्या दृष्टीनेही तिचा मोठा फायदा होतो.

एक पळवाट अनेक जण वापरतात ती म्हणजे एक्सरेफचा फिकटपणा वाढवणे. एक्सडीडब्ल्यूजीफेडसीटीएलने होणारा हा फिकटपणा केवळ पडद्यापुरता असतो. छापताना राखाडी हॅच पूर्ण गडद येते आणि पाइप पुन्हा त्याखाली जातात.

प्रश्न : पडद्यावर सर्व काही योग्य क्रमाने दिसते, परंतु पीडीएफ काढल्यावर बिघडते. कधी वाइपआउटच्या (खालचे झाकणाऱ्या कोऱ्या आकाराच्या) खालच्या रेषा छापल्या जातात, कधी पारदर्शक हॅच अपारदर्शक होते. पुण्यातील आमच्या कार्यालयात यावर रोज वाद होतो.

उत्तर : छपाईत क्रम बिघडण्याची कारणे अनेक आहेत, आणि ती पुढील क्रमाने तपासली तर बहुतेक वाद लवकर मिटेल.

सर्वांत आधी वाइपआउट कोठे आहे ते पाहा. तो लेआउटवर, म्हणजे पेपर स्पेसमध्ये असेल आणि झाकायच्या रेषा व्ह्यूपोर्टमधल्या (कागदावर मॉडेल स्पेस दाखवणाऱ्या खिडकीतल्या) असतील, तर लक्षात घ्या की मॉडेल स्पेस आणि पेपर स्पेस यांच्यामधील क्रम ड्रॉऑर्डरने ठरवता येत नाही. छापताना ऑटोकॅड नेहमी पेपर स्पेस आधी आणि मॉडेल स्पेस नंतर काढते. म्हणजे वाइपआउट आधी रंगवला जातो आणि रेषा त्याच्यावर येतात. प्लॉटच्या चौकटीत ‘प्लॉट पेपरस्पेस लास्ट’ हा पर्याय निवडला की हा क्रम उलटतो. तो पेज सेटअपमध्येच जतन करावा, म्हणजे प्रत्येक वेळी आठवण ठेवावी लागत नाही.

पारदर्शकतेचे कारण वेगळे आहे. लेयर किंवा ऑब्जेक्टला दिलेली पारदर्शकता छपाईत यावी यासाठी ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’ हा पर्याय स्वतंत्रपणे निवडावा लागतो. तो निवडला नाही तर ७० टक्के पारदर्शक हॅच ठार अपारदर्शक छापले जाते आणि त्याखालचे सर्व झाकते. निवडला तर छपाई रास्टर रूपात होऊ शकते, फाइल मोठी होते आणि बारीक रेषांची धार कमी होते. म्हणून केवळ फिकट रंग हवा असेल तेथे पारदर्शकता वापरूच नये. फिकट रंगाचे हॅच काढून ते मागे पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी जागा म्हणजे प्लॉटरच्या पीसी३ (छपाईच्या मांडणीच्या) फाइलीतील मर्ज कंट्रोल. त्यात दोन पर्याय असतात. ‘लाइन्स ओव्हरराइट’ मध्ये वरचा ऑब्जेक्ट खालच्याला झाकतो, म्हणजे आपला क्रम पाळला जातो. ‘लाइन्स मर्ज’ मध्ये एकमेकांवर आलेल्या ठिकाणी रंग मिसळले जातात, त्यामुळे राखाडी हॅचखालची काळी रेषाही काळीच दिसते. कार्यालयात दोन संगणकांवर दोन वेगळ्या पीसी३ फाइली असतील तर एकाच ड्रॉइंगच्या दोन वेगळ्या पीडीएफ निघतात, आणि आपल्याकडील वादाचे मूळ येथेही असू शकते. मर्जमुळे काही अडचणी सहज सुटतात हे खरे. मात्र शुद्ध पांढऱ्या रंगाचे भरीव हॅच टाकून खालच्या रेषा लपवण्याची जुनी युक्ती मर्जमध्ये चालत नाही. ती युक्ती वापरताना रंग ७ घेऊ नये, तो कागदावर काळा येतो. ट्रू कलरमध्ये २५५, २५५, २५५ असा पांढरा घ्यावा.

शेवटी व्ह्यूपोर्टची व्हिज्युअल स्टाइल पाहावी. टूडी वायरफ्रेम सोडून दुसरी कोणतीही स्टाइल असेल तर ऑब्जेक्टची झेड दिशेतील खरी उंची महत्त्वाची ठरते, आणि सर्वेक्षणातून आलेल्या ड्रॉइंगमध्ये काही रेषा शून्यावर आणि काही ५६० मीटरवर असणे मुळीच दुर्मीळ नाही.

प्रश्न : मी कोल्हापूर येथे आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. दाराच्या ब्लॉकमध्ये वाइपआउट ठेवला तर भिंतीच्या रेषा न कापता दार बसवता येईल असे वाटले. पण वाइपआउट दारालाच झाकतो.

उत्तर : ब्लॉकच्या आतील क्रम ब्लॉक एडिटरमध्येच लावावा लागतो. तेथे वाइपआउट निवडून मागे पाठवा आणि ब्लॉक जतन करून बाहेर या. त्यानंतर ड्रॉइंगमध्ये सबंध ब्लॉक भिंतीच्या वर असल्याची खात्री करा. वाइपआउटची चौकट दिसू नये म्हणून वाइपआउटफ्रेम ० करा, किंवा पडद्यावर दिसावी पण छापली जाऊ नये असे वाटत असेल तर २ करा.

अक्षरांमागे मात्र वाइपआउट घालू नये. एमटेक्स्टला (अनेक ओळींच्या मजकुराला) स्वतःचा बॅकग्राउंड मास्क असतो. त्याचा फैलाव १ ते ५ पटींपर्यंत ठेवता येतो, मूळ मूल्य १.५ असते आणि ते मला नेहमीच थोडे जास्त वाटते. दाट प्लॅनमध्ये १.२ पुरते. मापांच्या आकड्यांसाठी डायमेन्शन स्टाइलमध्ये टेक्स्टच्या फिल कलरला ‘बॅकग्राउंड’ निवडावे. दोन्ही मास्क अक्षरांबरोबर हलतात, सुटा वाइपआउट मागे राहतो.

प्रश्न : बांधकाम परवानगीसाठी ड्रॉइंग ऑनलाइन सादर करताना लेयरचा क्रम चुकला तर छाननीत ते नाकारले जाईल का?

उत्तर : संगणकीय छाननी आखून दिलेल्या नावांच्या लेयरवरील बंद पॉलीलाइन वाचते आणि त्यांची क्षेत्रफळे व अंतरे मोजते. कोणती पॉलीलाइन वर आणि कोणती खाली, याच्याशी तिला कर्तव्य नसते. तिला बाधतात त्या अर्धवट उघड्या पॉलीलाइन, एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा आणि भलत्याच लेयरवर गेलेले ऑब्जेक्ट. दुहेरी रेषा हा प्रकार क्रमाशी जोडलेला आहे, कारण वरची रेषा खालचीला पूर्ण झाकते आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. सादर करण्यापूर्वी ओव्हरकिल ही दुहेरी रेषा काढून टाकणारी आज्ञा चालवावी. कागदावर जाणाऱ्या प्रतीसाठी मात्र क्रम महत्त्वाचा आहे. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने, प्रस्तावित बांधकाम लाल रंगाने भरून आणि पाडायचे बांधकाम पिवळ्या हॅचने दाखवण्याचा संकेत आहे, आणि बांधकाम हद्दीला लागून असेल तेथे लाल भराव काळ्या हद्दीवर चढला तर तपासणारा अधिकारी आक्षेप घेणारच. लाल आणि पिवळे हॅच मागे पाठवा, हद्दीची पॉलीलाइन पुढे आणा.

प्रश्न : क्यूजीआयएस या भौगोलिक नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर वर-खाली ओढला की क्रम बदलतो. ऑटोकॅडनेही तसे का करू नये? इतर कॅड प्रणालींत काय सोय आहे?

उत्तर : क्यूजीआयएसमध्ये लेयर म्हणजे स्वतंत्र माहितीसाठा असतो आणि नकाशा एकेक लेयर पूर्ण रंगवत तयार होतो, म्हणून लेयरची यादी हाच क्रम ठरतो, शिवाय यादी न हलवता वेगळा क्रम द्यायचा असेल तर लेयर ऑर्डरचे स्वतंत्र पॅनेलही आहे. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर म्हणजे एसव्हीजी फाइलीतील एक गट, आणि फाइलीत जे आधी ते खाली. ऑटोकॅडमध्ये एकाच ब्लॉकमधील ऑब्जेक्ट पाच वेगळ्या लेयरवर असू शकतात. तो ब्लॉक ड्रॉइंगमध्ये एक घटक म्हणून राहतो. लेयरने क्रम ठरवायचा झाला तर प्रत्येक ब्लॉक छपाईच्या वेळी पाच तुकड्यांत फोडावा लागेल आणि दारामागचा वाइपआउट दारापासून वेगळा होऊन भलतीकडेच झाकू लागेल. म्हणून लेयरला क्रम नसणे ही ऑटोकॅडची उणीव आहे असे मी म्हणणार नाही. लेयरनिहाय क्रम लावण्याची तयार आज्ञा नसणे ही मात्र आहे.

मायक्रोस्टेशनमध्ये द्विमितीय ड्रॉइंगसाठी लेव्हललाही प्राधान्यक्रम देता येतो आणि सुट्या घटकालाही. लिब्रेकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर ऑटोकॅडच्याच वाटेने जाते : घटक निवडून त्याला सर्वांत वर, सर्वांत खाली, किंवा दुसऱ्या एखाद्या घटकाच्या वर वा खाली नेता येते. या प्रणालींमध्ये डीएक्सएफ फाइलीची देवाणघेवाण करताना फाइल जुन्या आर१२ आवृत्तीत देऊ नये. त्या आवृत्तीत क्रमाचे कोष्टक ठेवायला जागाच नसते, आणि लावलेला क्रम पलीकडे पोहोचत नाही.